राजूर घाटातला दगड

भाऊजी,

तुमचा दगड आता डिकीत नाही. गाडीच्या पुढच्या सीटपाशी, तुम्ही पाय ठेवायचात तिथे पडलेला आहे. तो तिथे कसा आला ते शेवटी येईल. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, मला प्रत्येक गोष्ट तिच्या जागी लागते. "वयनीच्या घरी मीठ बी रांगेत उभं राह्यते," असं तुम्ही म्हणायचात आणि जाताना पाण्याचा तांब्या मुद्दाम भलतीकडे ठेवून जायचात.

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, नीला आणि श्रीकांत. तुम्ही गेल्याची तार जमशेदपूरला पोचली तेव्हा त्यांच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून त्यांना येता आलं नाही. नंतर नीलाचं पत्र आलं. तिने तुमच्या आजाराबद्दल काही विचारलेलं नाही. तिने विचारलं आहे, "बापूआजोबांचा दगड आता कुणाला मिळणार?" त्याखाली श्रीकांतने वाकड्या अक्षरात लिहिलं आहे की तो मला हवा.

त्यांचा दोष नाही. दर मे महिन्यात माझ्या ओसरीवर बसून तुम्ही त्यांना ती गोष्ट सांगितलीत. राजूरच्या घाटात गाडीचे ब्रेक गेले, आजी घाबरली, गाडी दरीकडे निघाली, आणि बापूआजोबांनी चालत्या गाडीतून उडी मारून चाकापुढे दगड टाकला. मग तुम्ही डावा हात वर करायचात. त्या हाताच्या दोन बोटांना टोकं नव्हती. मुलं पुढे सरकायची. दर वर्षी दरी थोडी खोल होत गेली आणि दगड थोडा मोठा. मी आत पोळ्या लाटत ऐकायचे. "आजी घाबरली" या शब्दांपाशी माझं लाटणं जरा थांबायचं, मग पुन्हा चालू व्हायचं.

तुमची गोष्ट खोटी नव्हती. फक्त तुम्ही ती घाटापासून सुरू करायचात, आणि ती सुरू झाली होती खामगावच्या दुकानात.

मुलांसाठी आधी थोडं मागचं सांगते. तुमचे दादा, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा मागे बुलढाण्याचं घर, कायद्याची पुस्तकं आणि करड्या रंगाची मोटार राहिली. पुस्तकं एका वकिलाने नेली. मोटार विकावी यावर सगळ्यांचं एकमत होतं. तुमचे चुलतभाऊ तात्या, घरातले सगळ्यांत मोठे, गिऱ्हाईकच सोबत घेऊन आले. तुम्ही एकटे म्हणालात, "राहू द्या ना. वयनी शिकतीन." तुम्ही ते गमतीत म्हणालात की मनापासून, हे मला आजवर कळलेलं नाही. मी ते मनापासून धरलं.

तुम्ही तरुणपणी खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रक चालवला होता. चिखलीच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी तुम्ही मला शिकवलंत. तुमची रीत अशी की तुम्ही माझ्याशी न बोलता गाडीशी बोलायचात. "थांब माय, थांब. दम धर. बाई नवीन आहे. हं, आता चाल." मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. तुम्ही त्याला पोथी म्हणायचात. "आज कोनता अध्याय, वयनी?" मी म्हणायचे, "क्लच." तुम्ही हात जोडायचात.

मला गाडी का हवी होती तेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आठवड्यातून दोनदा मी घाट उतरून मोताळ्याच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवायला जात असे. बसने गेलं की पोचेपर्यंत मुली घरी निघालेल्या असायच्या. गाडी गेली असती तर शाळा गेली असती, आणि शाळा गेली असती तर बुलढाण्याच्या त्या घरात बसून राहण्यापलीकडे मला काम उरलं नसतं. मी हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तुम्हाला न सांगता कळलं होतं असं मला वाटतं.

नवं राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता तेव्हाची गोष्ट. गाडीची पुढची दोन्ही चाकं ब्रेक दाबला की ओरडायला लागली. मुलांनो, चाकाच्या आत लोखंडाचा एक उथळ डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लोखंडी तुकडे असतात आणि त्यांच्यावर एक खरखरीत पट्टी बसवलेली असते, ती लायनर. ब्रेक दाबला की लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात आणि चाक थांबतं. म्हणजे सगळा खेळ घासण्याचा. आमचे लायनर झिजून त्यांना धरून ठेवणारी रिबिटं, म्हणजे खिळे, वर आली होती आणि त्यांनी ड्रमला आतून चरे पाडले होते.

खामगावच्या मोटारीच्या सामानाच्या दुकानात शेठने दोन्ही जुने ड्रम काउंटरवर ठेवले. तुम्ही आतून बोट फिरवून पाहिलंत, बैलाचे दात पाहावेत तसे.

"लेथवर घासून घेऊ. नवे कायले पायजे?"

"एक घासता येते, बापूराव," शेठ म्हणाले. "दुसरा पातळ झाला. अजून घासला तं घाटात तापून तडकीन."

"मंग एक नवा द्या, एक घासून द्या."

मी म्हणाले, "दोन्ही नवे हवेत."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "वयनी, बैलाच्या ज्या पायाचा नाल पडला, त्याच पायाले नाल मारतात. चारी पाय कोनी वर करत नाही."

मी पुस्तक नेलं होतं, पण ते पिशवीतच राहू दिलं. "भाऊजी, जुवाच्या एका बाजूला तरणा बैल जुंपला आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा, तर गाडी कुठे जाईल?"

तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. "म्हाताऱ्याच्या अंगावर जाईन," तुम्ही म्हणालात. "शेठ, दोन्ही नवे द्या. वयनी आता शेतीत बी याले लागली."

मग लायनर. शेठने दोन तऱ्हा समोर मांडल्या, एक नरम आणि एक कडक. नरम लवकर पकडतो, पण लवकर झिजतो. कडक पुष्कळ टिकतो, पण ड्रमवर नीट बसेपर्यंत ओरडतो. मी घाटाचा विचार करून नरम म्हणाले. तुम्ही कडक म्हणालात.

"चप्पल घेतो तं टिकाऊ पाहून घेतो ना, वयनी?"

"चपलेपायी घाटात कुणी मरत नाही."

"मरते. तळ गुळगुळीत झाला की मरते. टिकाऊ पायजे ते याच्याचसाठी."

शेठ कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. शेवटी तुम्ही आपल्या घरातला नेहमीचा तोडगा काढलात. "ड्रम तुमचे झाले, लायनर माहे होऊ द्या. एक तुमचं, एक माहं." आपल्या घरात सगळे वाद असेच मिटायचे. तुमच्या मुलीचं, कुसुमचं, नाव ठेवताना, विहीर कुठे खणायची ते ठरवताना, दादांच्या वर्षश्राद्धाला पुरण की श्रीखंड यावरसुद्धा. एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. या रीतीत ब्रेक बसत नाहीत हे त्या दिवशी दोघांनाही सुचलं नाही. ड्रम मुंबईहून आले, चाकं बसली, आणि पहिल्या दिवसापासून पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडू लागली.

शेठने सांगितलंच होतं की ओरडतील. मला त्याचं काही वाटलं नाही. तुम्हाला मात्र ते सहन होईना. पिंपळगाव राजाला तुमच्या दारात गाडी थांबली की पारावरून कुणीतरी हाक मारायचं, "बापूराव, आख सुकला काय बे?" तुमच्याकडे ज्याच्या बैलगाडीचं चाक बाजारात ओरडतं तो माणूस आळशी, त्याच्या गोठ्यात बैलही अर्धपोटी असणार, असं लोक धरून चालतात. तुमच्या घरात पहाटे बैल जुंपण्याआधी कोनाड्यातली एरंडीच्या तेलाची बाटली निघायची आणि चाकांच्या आखाला तेल पाजल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जात नसे. आणि आता त्याच घरापुढे मोटार भर दुपारी किंचाळत उभी राहायची.

मी एकदाच म्हणाले, "नरम घेतले असते तर ओरडले नसते." तुम्ही उठून चाकाजवळ गेलात आणि वाकून पाहत राहिलात.

त्यानंतर रोहिणखेडला जायचं ठरलं. तुमच्या कुसुमसाठी तिथलं स्थळ आलं होतं आणि मुलाचं घर पाहून सोयरीक पक्की करायची होती. तुम्ही आणि माझी जाऊ गोदावरी आदल्या दिवशी बुलढाण्याला माझ्याकडे येऊन राहिलात. मी सकाळी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा तुम्ही अंगणात हात पुसत उभे होता. गोदावरी लाडवांची टोपली घेऊन मागे बसली, तुम्ही माझ्या शेजारी. गावातून निघताना मी दोनदा ब्रेक लावला. आवाज आला नाही.

"आज गाडी गप्प आहे," मी म्हणाले.

"बसले आता लायनर," तुम्ही म्हणालात. "म्या म्हटलं नव्हतं? कडक माल आहे."

घाटाची पहिली वळणं ठीक गेली. ब्रेक जरा ढिला वाटत होता, पण नवे लायनर म्हणून मी सोडून दिलं. मधल्या लांब उताराला मात्र पेडल पायाखाली घट्ट लागत होतं आणि गाडी थांबत नव्हती. तुपाच्या ताटात वाटी सरकावी तशी ती सरकत होती.

"भाऊजी, ब्रेक धरत नाही."

"दाबा ना."

"दाबलाय."

मी हँडब्रेक ओढला. काही फरक पडला नाही. गिअर खाली घेतला, मग अजून खाली. इंजिन ओरडलं, वेग पुष्कळ कमी झाला, पण गाडी चालतच होती आणि पुढे वळण होतं. तेवढ्यात तुम्ही दार उघडून खाली उतरलात. उडी नव्हे ती, मुलांनो. बैलगाडी उताराला लागली की गाडीवाल्याच्या बरोबरचा माणूस खाली उतरून दगड हातात घेऊन चाकाबरोबर चालतो, तसे तुम्ही उतरलात. तुम्ही विचार केला असेल असं मला वाटत नाही. पायांनीच केलं ते. रस्त्याच्या कडेचा दगड उचलून तुम्ही चाकाच्या पुढे धावलात. मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. चाक नालीत उतरलं, मडगार्ड खडकाला घासलं, आणि त्याच क्षणी तुम्ही दगड चाकाखाली सरकवलात. गाडी थांबली. दगड आणि चाक यांच्यामध्ये तुमचा हात होता.

गोदावरी मागून एवढंच म्हणाली, "अवो, हात."

गाडी कशाने थांबली यावर आपण पुढे कित्येक वर्षं भांडलो. तुम्ही म्हणायचात दगडाने, मी म्हणायचे डोंगराने. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, डॉक्टरांसमोर. लोक आपल्याला हसायचे आणि बाजू घ्यायचे. आपण हा वाद इतक्या हौसेने घालत होतो की ब्रेक मुळात गेले कशाने हे विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही.

मला ते त्या आठवड्यातच कळलं होतं. दोन बैलजोड्या लावून गाडी घाटावर आणली आणि मिस्त्रीने माझ्या अंगणात चाक उघडलं. ड्रम निघाला तसा वास आला. मिस्त्रीने लायनरवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाईसाब, ये तो एरंडी का तेल है." मग दुसरं चाक, तिसरं, चौथं. ब्रेक कसण्यासाठी चाकाच्या मागे जे लहान भोक असतं, त्याच्याखाली तेलाचा ओघळ होता. चारही चाकांना सारखं तेल. तुम्ही पंगतीत वाढतानाही कुणाला कमी-जास्त करत नसायचात.

मला राग आला नाही असं लिहिणं खोटं होईल. पण तो तेव्हा बाहेर काढावा असं वाटलं नाही. रोहिणखेडच्या लोकांना कळलं असतं की मुलीच्या बापाने मोटारीच्या ब्रेकला तेल पाजलं, तर सोयरीक राहिली असती की नाही कोण जाणे, आणि जिल्हाभर हसू झालं असतं ते वेगळं. तुमचा हात बांधलेला होता. आणि मला वाटलं, हे तुम्ही सांगायचं आहे, मी नाही. मिस्त्रीला मी नरम लायनर बसवायला सांगितले आणि विचारलं कुणी तर आतलं ग्रीस गळलं असं सांग म्हणाले. तो "जी" म्हणाला.

मग पिंपळगावला तुमच्या ओसरीवर बैठक झाली. विषय एकच, गाडी विकायची. मी दाराआड चहाच्या कपांजवळ उभी होते.

तात्या म्हणाले, "बाईच्या हातात गाडी म्हंजे असंच होते. आज बोटं गेली, उद्या जीव जाईन. म्या आधीच सांगतलं होतं."

"गाडी इकायची नाही," तुम्ही म्हणालात.

"काऊन?"

"बोटं कोनाची गेली?"

"तुही."

"मंग मी सांगून राह्यलो ना. गाडी वयनीच चालवतीन. अन मी बाजूले बसीन."

तात्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मन मोठं आहे बापूचं." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी तुमच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं नाही. तुम्ही हाताच्या पट्टीकडे पाहत होता. मी चहा बाहेर पाठवला.

अशी ती वाटणी झाली, भाऊजी. मला गाडी मिळाली, शाळा मिळाली. तुम्हाला मोठ्या मनाचा माणूस म्हणून नाव मिळालं. आणि माझ्याकडे जे नाव आलं ते मोताळ्याच्या मुलींनीच एकदा मला तोंडावर सांगितलं: "बाई, गाडी दरीत नेली होती ती तुमीच ना? बापूरावनं माफ केलं ते?" मी त्यांना भूतकाळाचं रूप लिहायला दिलं. पण घरी येताना घाट चढायला मला नेहमीपेक्षा वेळ लागला.

हिशेब इथे थांबवला तर तो तुमच्यावर अन्याय होईल. त्या दिवसानंतर तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत, आणि मी घाट उतरणार असले की पिंपळगावहून बसने येऊन माझ्या शेजारी बसायचात, तोच दगड मांडीवर घेऊन. मोताळ्याला मी शिकवत असताना तुम्ही पिंपळाखाली गाडीजवळ बसून राहायचात. सपाट बाजारातसुद्धा गाडी थांबली की उतरून चाकाला दगड लावायचात. लोक हसायचे, तुम्ही लावायचात. लायनर बदलायची वेळ आली की मी तोंड उघडण्याआधी तुम्ही शेठला सांगायचात, "नरम द्या." आणि दसऱ्याला गाडीची पूजा करताना एका वर्षी तुमचा सालदार गडी तेलाची वाटी घेऊन चाकाजवळ गेला, तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. "चाकाले कुंकू. तेल नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी फुलं वाहत होते. मला वाटलं, आता सांगतील. तुम्ही नारळ फोडलात.

इतक्या जवळ येऊन तुम्ही दर वेळी परत फिरलात. मीही पुढे होऊन दार उघडलं नाही.

शेवटचं तुम्हाला मी पिंपळगावहून बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं. लायनर थोड्याच दिवसांपूर्वी बदलले होते; शेठकडे नरम नव्हते म्हणून कडक. गावाबाहेर म्हशी आडव्या आल्या, मी ब्रेक लावला आणि चाक ओरडलं. तुम्ही डोळे मिटून मान टेकून बसला होता. मी म्हणाले, "नवे आहेत, बसतील हळूहळू." तुम्ही डोळे न उघडता तो तुटक्या बोटांचा हात थोडा उचललात. "वरडू द्या, वयनी." मी तेवढ्यावर समाधान मानायचं ठरवलं होतं. आणखी काही मिळणार नाही हे दिसत होतं.

आता तुम्ही पाहिलं नाहीत ते सांगते. तेराव्याचं जेवण झालं आणि पुन्हा पिंपळगावची तीच ओसरी, तेच लोक, तात्या आता काठी टेकत आलेले. त्यांनी सुपारी कातरत विषय काढला. "आता बापू नाही. गाडीत पुढं कोन बसीन? बाईचं वय झालं. इकून टाका, मी गिऱ्हाईक पाहतो."

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात गोदावरी आतून दारात आली. तिचा आवाज त्या ओसरीवर मी कधी ऐकला नव्हता.

"तात्या, त्या दिशी चाकात तेल यायनं, कुसुमच्या बापानं, घातलं होतं."

"कोनत्या दिशी? कोनत्या चाकात?"

"घाटात गाडी सुटली त्या दिशी. चारी चाकात. एरंडीचं. बाटली म्याच नेली होती पिशवीत घालून. चाक वरडते अन लेकीच्या सासरी जाचं आहे, म्हने. लोक काय म्हनतीन."

सुपारीचा आवाज थांबला. तात्या म्हणाले, "अन हे तू आज सांगून राह्यली?"

"शपथ घातली होती मले. शपथ यायच्यासंगं गेली."

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमाले ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"चाक उघडलं तेव्हापासून."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"भाऊजी सांगतील म्हणून थांबले होते."

"मी बी त्याचीच वाट पाहून राह्यली होती," ती म्हणाली, आणि आत जाऊन भांडी आवरू लागली. गाडी विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. तात्यांनी जाताना मला नमस्कार केला. आजवर मीच त्यांना करत आले होते.

हे शब्द कुणीतरी त्या ओसरीवर बोलावेत म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते. ते बोलले गेले तेव्हा मोकळं वाटेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात माझी नजर तुमच्या नेहमीच्या खांबाकडे गेली, कारण तुम्ही तिथे असता तर या सगळ्यावर काहीतरी बोलला असता, लोक हसले असते, आणि मी चिडले असते. खांबाला कुणीतरी छत्री टेकवून ठेवली होती.

तेराव्यानंतर गोदावरी माझ्याकडे बुलढाण्याला येऊन राहिली होती; काल तिला कुसुमकडे सोडायला निघाले. रोहिणखेडची ती सोयरीक झाली आणि चांगली झाली, हे मुलांना ठाऊक आहे. गोदावरीने सवयीने मागचं दार उघडलं. जरा उभी राहिली. मग दार लावलं, डिकी उघडायला सांगितली, दगड काढला आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. दगड मांडीवर. मी गाडी सुरू केली. त्या लांब उताराला, नालीच्या वळणाशी, मी ब्रेक लावला. चाक ओरडलं.

"वरडते वो, बाई."

"ओरडू दे."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने दगड मांडीवरून उचलून पायाशी ठेवला आणि बाहेर बघू लागली.

तर नीला आणि श्रीकांत, दगड कुणालाही मिळणार नाही. तो गाडीचा आहे. मे महिन्यात याल तेव्हा जो पुढे बसेल त्याने सांभाळायचा.

आणि भाऊजी, तेलाचं मी आज लिहून टाकलं. तुम्हाला विचारलं नाही, विचारायची सोय राहिली नाही. पण आपल्या घरची रीत मी मोडत नाही. एक माझं झालं. आता एक तुमचं: गाडी दगडाने थांबली होती.